क्रियापदाला चिकटलेला माणूस

तिमोर बेटाच्या पश्चिम भागात, कुपांगपासून सोए आणि केफामेनानूच्या डोंगरांपर्यंत, दावान भाषा बोलतात. बोलणारे तिला उआब मेतो म्हणतात. ओएकुसी हा पूर्व तिमोरचा, पण उरलेल्या देशापासून तुटलेला प्रदेश, तिथे हीच भाषा बाईकेनो नावाने नांदते.

दावानमध्ये 'नाओ' म्हणजे जाणं. 'तू जातोस' हे 'हो म्नाओ', 'आपण जातो' हे 'हित त्नाओ', 'आम्ही जातो' हे 'हाई म्नाओ'. सर्वनाम आधी स्वतंत्र येतं, आणि त्याचा एक कण क्रियापदाच्या तोंडाशी पुन्हा चिकटतो. 'मी जातो' म्हणताना तर 'आऊ'नंतर घशात श्वास क्षणभर अडतो आणि मग 'नाओ' सुटतं. तो अडलेला श्वास म्हणजेच 'मी'. मला या भाषेतलं हे सगळ्यात सुंदर वाटतं.

आम्ही आणि आपण यांतला फरक आपल्याला पाठ करावा लागत नाही. हिंदीत तो नाही, इंग्रजीतही नाही. दावानमध्ये तो क्रियापदावरही उमटतो. तू, तुम्ही आणि आम्ही, तिघांच्या वाट्याला इथे एकच 'म'. 'त' मात्र फक्त आपणचा, बोलणारा आणि ऐकणारा दोघांना कवेत घेणारा. हे कोणी ठरवून केलेलं नाही, शतकांच्या झिजेतून उरलेलं आहे. तरी ज्यात दोघंही आहेत त्या 'आपण'ला वेगळा ध्वनी राहिला, याचा मला मनापासून आनंद होतो.

नात्यांची आणि शरीराच्या अवयवांची नावंही अशीच. 'नकाफ' म्हणजे कोणाचंही नसलेलं, नुसतं डोकं. माझं असेल तर शेवटचा 'फ' जाऊन 'क' येतो, तुझ्यासाठी 'म', त्याच्यासाठी 'न'. मालक नाही हे सांगायलाही एक ध्वनी खर्चावा लागतो.

इंडोनेशियन ही तिथली शाळेची आणि कचेरीची भाषा. तिच्यात मी, तू, तो, सगळ्यांचं 'पर्गी' एकच. दावान बोलणारं मूल दिवसभर या दोन्ही सवयींतून ये-जा करतं.

मला त्या मुलाची काळजी वाटते, कारण असा एक कण आपल्याकडेही आहे, आणि तो गळत चालला आहे. 'तू पोळी खाल्लीस.' यात 'ली' पोळीची आणि 'स' तुझा. पोळीऐवजी आंबा असला की 'खाल्लास', पण 'स' जागचा हलत नाही. खाणारा आणि खाल्लेलं, दोघांचीही खूण एकाच क्रियापदावर! आता कितीतरी घरांत 'तू काय केलं?' असंच ऐकू येतं. अर्थ कळतो, काम भागतं. मी मात्र मुलांशी बोलताना 'केलंस', 'आणलीस', 'पाहिलास' हे पूर्ण उच्चारतो, आणि त्यांनी 'स' गाळला की तिथल्या तिथे ते वाक्य पुन्हा म्हणायला लावतो.