कबड्डीचा गडी आणि बाजारातली गाय

आज कांद्याच्या पिळाचं राहू द्या, दुसरंच लिहितो.

आमच्या पुतण्याला फँटसी टीम लावायचा नाद. कबड्डी सुरू असली की कबड्डी, नसली की हॉकी. सात गडी निवडायचे, प्रत्येकाचं मोल ठरवून दिलेलं, सगळे मिळून शंभरात बसवायचे, कप्तान केला त्याचे गुण दुप्पट. पैसे लावता येत होते तेव्हा यानं कांद्याच्या पट्टीतले लावले आणि घालवले. किती ते लिहीत नाही, घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही एवढं पुरे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैशाचे असले खेळ बंद केले, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि आम्ही सुटलो. आता चार पोरं वहीवर टीमा मांडतात. पैसा नाही, त्यामुळं मीही बसतो.

त्याची पद्धत एकच. "तात्या, मागच्या मॅचला यानं तेरा मारले, घेऊ याला." म्हणलं, बाळा, ही तुंबवलेली कास बघून गाय घ्यायची पद्धत झाली.

आपल्या घोडेगावचा शुक्रवारचा बाजार ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगायला नको. काहीजण आदल्या संध्याकाळपासून धार काढत नाहीत. सकाळी कास तट्ट, सड ताठ, गाय मागचे पाय फाकवून चालते. नवखा माणूस तिथंच खिशात हात घालतो. जाणता माणूस आधी धार काढायला लावतो आणि रिकामी कास हातानं दाबून बघतो. दुधाची कास मऊ पडते, सुरकुतते. मांसाची असेल तर काढल्यावरही तशीच राहते. मग पोटाखालची दुधाची शीर, खूर, वेत कितवं, चारही सड चालू आहेत का. आणि हे सगळं बघायचं ते कालच्या दुधासाठी नाही, उद्याच्या. कालचं दूध विकणाऱ्यानं डेअरीला घातलंय, त्याचे पैसेही त्यानंच उचललेत.

गड्याचंही तसंच. तेरा गुण मारले, पण चढाया किती केल्या? समोर पकडीला कोण होतं? बोनस सहा किंवा जास्त बचावपटू मैदानात असले तरच मिळतो. बोनसवर जगणारा गडी समोरची टीम अर्धी बाद झाली की आटतो. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, करा नाहीतर बाहेर जा वाली, कप्तान कुणाला पाठवतो, ते मी बघतो. त्यात कप्तानाचा खरा भरवसा कुणावर ते कळतं.

आपल्या जिल्ह्याच्या अस्लम इनामदारचं उदाहरण घ्या. त्याच्या कप्तानीत पुणेरी पलटणनं 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणाला 28-25 हरवून प्रो कबड्डी जिंकली. पुढच्याच हंगामात त्याचा गुडघा गेला आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ प्लेऑफलाही पोचला नाही. आता अस्लमला यादीतून काढायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्याच्या चढाया कुठं जाणार? चढाई तीस सेकंदांची, सामना चाळीस मिनिटांचा. एक गडी बसला म्हणून चढाया कमी होत नाहीत, त्या दुसऱ्याच्या वाट्याला जातात. पंकज मोहिते, आकाश शिंदे यांचं मोल तिथं वाढतं, आणि आकडे दिसायच्या आधी ते स्वस्तात मिळतात. 2025 ला अस्लम परत उभा राहिला, टीम फायनलला गेली, दिल्लीकडून 31-28 हरली. मला त्या हरण्याचं फार वाईट वाटलं नाही, गुडघा टिकला याचं बरं वाटलं.

आणि बोलीचा भाव म्हणजे मोल नव्हे. पवन सेहरावत 2022 ला तमिळ थलैवाजनं सव्वादोन कोटींच्या वर घेतला, पहिल्याच सामन्यात जखमी होऊन हंगाम गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं 2 कोटी 60 लाखांवर नेला. 2025 ला तोच गडी, तीच तमिळ टीम, 59 लाख 50 हजार. उलट इराणचा शादलू 2023 ला पुण्यानं 2 कोटी 35 लाखांना घेतला, पुणे जिंकलं. पुढच्या वर्षी 2 कोटी 7 लाखांना हरियाणाला गेला, हरियाणा जिंकलं. भाव उतरला, बैल तोच.

हॉकीतलं मला एवढं कळत नाही, पण एक गोष्ट पटली. 2024 च्या लिलावात हरमनप्रीतला सगळ्यांत जास्त, 78 लाख मिळाले. पेनल्टी कॉर्नरचा नेमबाज तो, पॅरिसला दहा गोल. पण 2016 आणि 2017 च्या लीगमध्ये मैदानी गोलाला दोन धरायचे. तसा नियम असला की कॉर्नरवाल्याचं मोल आपोआप उतरतं, तो काही वाईट खेळला म्हणून नाही. साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफचा दर बदलला की आपल्या गोठ्यातल्या गाईचं जसं होतं, तसं.

तर मागच्या शुक्रवारी पुतण्याला गाय घ्यायची होती. एक तिसऱ्या वेताची, वीस लिटर सांगत होता, पंच्याण्णव हजार. दुसरी पहिलारू कालवड, सात महिन्यांची गाभण म्हणून, अडुसष्ट. मी मुद्दाम गप्प बसलो. तो कालवडीच्या मागं चालत गेला, खूर बघितले, सड मोजले आणि म्हणाला, "तात्या, त्या गाईचं दूध भावात धरून झालंय. हिचं अजून धरलेलं नाही."

मी एवढंच म्हणलं, डॉक्टरांनी हात घालून बघितल्याशिवाय पैसे मोजू नको. डॉक्टर म्हणाले, सात नाही, सहा. म्हणजे महिनाभर जास्त बिनदुधाचं सांभाळायचं. त्यावर चार हजार तुटले, चौसष्टला दावं हातात आलं.

मार्चच्या सुमारास विईल. शेवटच्या दोन महिन्यांत खुराक वाढवायचा हे माहीत आहे, पण पहिलारूला चरबी चढली की विताना अडते. मुरघास सध्या दिवसाला दहा किलो चालू आहे. तो किती ठेवावा, जाणकारांनी सांगावं.