घोडबंदरची वाट आणि एक फटफटी

भाईंदर हें गांव पुष्कळांनीं विरारच्या गाडीच्या दारांत लोंबकळतांनाच काय तें पाहिलेलें असतें. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचे कोळीवाडे व समुद्र, पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि मध्यें एके काळीं भात व मीठ पिकविणारी सखल जमीन. साष्टी बेटाचें हें अगदीं उत्तरेकडील टोंक. 2002 सालीं मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, आणि आतां मिठागरांच्या कडेस उंचच उंच इमारती उभ्या आहेत. अशाच एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर आमचें नऊ माणसांचें एकत्र कुटुंब राहतें. गेल्या हिंवाळ्यांत त्या कुटुंबांत एकाच विषयाचा खल चालला होता: आमच्या पुतण्यानें मोटारसायकल घ्यावी कीं नाहीं, आणि घेतलीच तर कोणती.

लोकलगाडी जवळ असतां हा खटाटोप कशाला, असें वाचक म्हणतील. त्याचें उत्तर नकाशांत आहे. चिरंजीवांची नोकरी ठाण्यास, वागळे इस्टेटींत. भाईंदर आणि ठाणें यांच्यामध्यें डोंगर उभा. आगगाडीनें जावयाचें तर दादरपर्यंत दक्षिणेस उतरावें, तेथें पूल चढून मध्य रेल्वेच्या फलाटावर यावें आणि पुन्हां उत्तरेस चढावें. घोडबंदर रस्त्यानें हेंच अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. पण तो रस्ता! काशीमिऱ्याहून महामार्गानें थोडें उत्तरेस गेलें कीं वसईच्या खाडीवरील पुलाच्या अलीकडे तो उजवीकडे फुटतो. जवळच टेंकडीवर घोडबंदरचा किल्ला आहे. येथल्या बंदरांत घोडे उतरत, म्हणून हें नांव पडलें असें म्हणतात. आज तेथें उतरतात ते गुजरातेकडून न्हावाशेव्याकडे जाणारे कंटेनर, आणि गायमुखच्या चढणीवर त्यांतला एक जरी बंद पडला तरी मागील सारी रांग तासभर जागची हालत नाहीं.

ह्याच रस्त्यावर मागच्या श्रावणांत चिरंजीवांची स्कूटर पाण्यानें भरलेल्या एका खड्ड्यांत गेली आणि त्याच्या डाव्या खांद्याचें हाड मोडलें. तेव्हांपासून वहिनींचें म्हणणें एकच: दोन चाकें घरांत नकोत. मुलाच्या आईच्या अशा म्हणण्यास उत्तर नसतें, आणि आम्हीं तें देण्याचा प्रयत्नहि केला नाहीं.

चिरंजीवांस हवी होती 'स्पोर्ट्स टूरिंग' जातीची गाडी. (आमच्या पिढीस ती सारी फटफटीच.) म्हणजे सहा दिवस कचेरी आणि रविवारीं भटकंती, दोन्ही एकाच गाडीवर. ह्या जातीचा मूळपुरुष म्हणून बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या 1976 सालच्या आर 100 आरएस ह्या गाडीचें नांव घेतात. तासन्तास वेगानें जातांना स्वारास वाऱ्याचा मार बसूं नये, म्हणून तिला पुढून कवच चढविलेलें होतें. मोकळा रस्ता ज्या देशांत आहे तेथला हा विचार. आमच्याकडे मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग, वांद्रे-वरळीचा सागरी सेतू, समृद्धि महामार्ग, 2024 सालीं खुला झालेला अटल सेतू, असे वेगाकरितां म्हणून जे रस्ते बांधले तेच दुचाकीस बंद! राहिले अहमदाबादचा महामार्ग, घाटांतले जुने रस्ते आणि आमचा घोडबंदर.

वडीलबंधूंनीं दुसरी गोष्ट वहीवर मांडून दाखविली. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशें सीसीपर्यंतच्या दुचाकीवर वस्तु व सेवा कर 18 टक्के, आणि त्यावरील गाडीवर 40 टक्के. बजाजची 373 सीसीची डॉमिनार अशा रीतीनें अवघ्या 23 सीसींसाठीं श्रीमंतांच्या पंक्तीस जाऊन बसली. तिची अडीचशेंची धाकटी बहीण आणि सुझुकीची 249 सीसीची जिक्सर एसएफ ह्या मात्र खालच्या करांत आल्या.

पण चिरंजीवांचें मन गुंतलें होतें एका साडेसहाशें सीसीच्या गाडीवर. ती त्याच्या एका मित्राजवळ होती. एका मंगळवारीं सकाळीं ती मागून आणली, आणि परीक्षक म्हणून आम्ही मागें बसलों. आमचें वय बासष्ट. मागची बैठक म्हणजे हातभर उंचावरचा चौरंग. धरावयास कांहीं नाहीं, म्हणून आम्हीं चिरंजीवांचे खांदे धरले. काशीमिऱ्यापर्यंत सारें ठीक होतें. पुढें गाड्यांच्या रांगेंत सांपडलों तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. अशा गाडीचें हँडल खालीं असतें व स्वारास पुढें वांकून बसावें लागतें. वेगांत असतांना समोरचा वारा छातीस उचलून धरतो आणि मनगटें मोकळीं राहतात. गाडी थांबली, वारा थांबला, कीं सारा भार मनगटांवर. त्यांत रेडिएटरचा पंखा फिरूं लागला कीं इंजिनाची धग मांड्यांवर. गायमुखीं पोंचलों तेव्हां चिरंजीव क्लच सोडून डावा हात सारखा झटकीत होता. मोडलेला खांदा तोच. आम्ही कांहीं बोललों नाहीं. घरीं आल्यावर तो आपण होऊनच म्हणाला, "काका, ही रोजची नव्हे."

उरल्या अडीचशेंच्या दोघी. जिक्सर हलकी, 161 किलोंची. एकट्या स्वारास तीच बरी असें आमचेंहि मत. डॉमिनार 180 किलोंची, पण हँडल उंच, पाठ सरळ. शेजारच्या एका स्नेह्यांची डॉमिनार घेऊन मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं आम्ही दोघे जव्हारास गेलों.

पहांटे खाडीवरच्या पुलावर बोचरा गारठा होता. मनोरपर्यंत महामार्ग, तेथें उजवीकडे वळून विक्रमगडची वाट धरली कीं ट्रकांचा गलबला एकदम मागें राहतो. दोहों बाजूंस साग, कापलेलीं भातखाचरें, कुडाच्या भिंतींचीं वारल्यांचीं घरें. पुढें वळणांचा घाट लागतो. येथें आम्हीं चिरंजीवांकडे बारकाईनें पाहिलें, कारण खरी परीक्षा गाडीची नव्हती. वळणापूर्वीं वेग कमी करी, शिंग वाजवी, मगच वळे. एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. त्यानें दोन्ही ब्रेक दाबले. गाडी न घसरतां सरळ थांबली. चाक अडकूं न देणारी ती एबीएसची योजना 2019 पासून सव्वाशें सीसीवरील गाड्यांस सक्तीची आहे, हें आम्हांस त्यानेंच तेथें, शेळ्या जाईपर्यंत, समजावून सांगितलें.

जव्हारास मुकण्यांचा जयविलास राजवाडा पाहिला. शिरपामाळावर बसून डबा सोडला. 1664 सालीं सुरतेस जातांना शिवाजीमहाराजांचा मुक्काम येथें पडला होता, असें सांगतात. परततांना आमची पाठ दुखूं लागली, तो दोष वयाचा. काशीमिऱ्याच्या गर्दींत संध्याकाळ झाली, पण ह्या खेपेस चिरंजीवांनीं हात झटकला नाहीं.

जें पाहिलें तेवढेंच आम्हीं घरीं सांगितलें. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शेळ्यांची गोष्ट पुन्हां सांगा." ती आम्हीं दोनदां सांगितली.

पाडव्यास गाडी दारीं आली. वहिनींनीं हळदकुंकू वाहिलें, चाकाखालीं लिंबू ठेवलें, आणि हेल्मेट चढवून स्वतः मागें बसून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "बसायला बरी आहे. पण मृग लागला कीं हिची किल्ली माझ्या मसाल्याच्या डब्यांत." चिरंजीवांनीं तें कबूल केलें आहे. सकाळची ठाण्याची बस नाक्यावरून केव्हां सुटते, हेंहि त्यानें विचारून ठेवलें आहे.