सॉस नको, मीठ द्या

टोकियोत मुसलमानाला खायला मिळत नाही, हा समज आता जुना झाला. शिन-ओकुबोच्या गल्ल्यांत हलालच्या पाट्या एकीला लागून एक आहेत. आसाकुसात हलाल रामेन मिळतं. बिर्याणी, नान, तुर्की कबाब यांना तर तोटाच नाही. खिशाला परवडणारं आणि मनाला पटणारं जेवण शोधायला फारशी पायपीट करावी लागत नाही. अडचण सुरू होते ती वरच्या पायरीवर. मिशेलिनचे तारे मिळवलेली रेस्टॉरंट्स जगात सर्वांत जास्त याच शहरात आहेत. त्या तोडीचं जपानी जेवण एकदा तरी जेवायचं म्हटलं, की हलालची पाटी दिसेनाशी होते आणि विचारपूस सुरू होते.

हा हट्ट माझा होता आणि तो अब्बांसाठी होता. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठचं. गावात कोकणी मुसलमानांत घरटी एक तरी माणूस बोटीवर, तसे अब्बाही बोटीवरच होते. योकोहामा आणि कोबे ही बंदरं त्यांना चिपळूणच्या बाजारपेठेइतकी ओळखीची. कोबेची मशीद १९३५ सालची, जपानमधली पहिली. तिच्या बांधकामाला तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांनीही पैसे दिले होते, हे सांगताना अब्बांचा आवाज अजूनही चढतो. पण इतक्या वेळा जपानला लागूनही ते जपानी जेवण कधी जेवले नव्हते. किनाऱ्यावर उतरायचं, केळी नाही तर उकडलेली अंडी खायची आणि जेवायला परत बोटीवर, भंडाऱ्याच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या, हातचं. "आत काय घालतात ते विचारायला भाषा नव्हती, आणि विचारून बसायला पगार नव्हता," असं ते म्हणायचे.

आता पगार माझा होता आणि भाषेचं काम फोन करत होता. मी, नवरा आणि अब्बा असे तिघं निघालो. मुंबईतूनच मी यादी करायला घेतली आणि एकेक नाव खोडत गेले.

पहिल्यांदा खोडलं ते कैसेकी. ऋतूप्रमाणे ठरलेली, एकामागून एक येणारी पदार्थांची मालिका. जपानी पाककलेचं शिखरच म्हणा. तिचा पाया म्हणजे दाशी, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. त्यात हरकत घेण्यासारखं काही नाही. पण पुढे जे शिजतं त्यात बहुतेक ठिकाणी साके (तांदळाची दारू) किंवा मिरिन (गोड मद्य) पडतं, आणि अस्सल मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असतं. एका रेस्टॉरंटला विचारलं तेव्हा फार अदबीनं उत्तर आलं: या दोन्हींशिवाय आमचं जेवण आमचं राहणार नाही, क्षमा असावी. मला हे उत्तर आवडलं. 'बघतो, करू काहीतरी' असं सांगून गुपचूप तेच घालणाऱ्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा स्वयंपाकी केव्हाही बरा.

'शिजताना दारू उडून जाते' असंही काहींनी समजावलं. एक तर सगळी उडत नाही. आणि उडाली तरी आमचा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. समजून उमजून पातेल्यात दारू ओतली की नाही, एवढंच आम्ही विचारतो.

सुशीबद्दल मात्र मी निर्धास्त होते. मासा आणि भात, त्यात काय असणार? पण वरच्या दर्जाच्या सुशी-काउंटरवर मासा कोरा येत नाही. स्वयंपाकी प्रत्येक घासावर कुंचल्यानं निकिरी फिरवतो, म्हणजे सोया सॉसमध्ये साके आणि मिरिन घालून उकळलेलं मिश्रण. साध्या सोया सॉसमध्येही आंबवताना थोडं अल्कोहोल तयार होतं. तेवढं आमच्या घरात चालतं, पण काही सॉसमध्ये ते टिकण्यासाठी वरून घातलेलं असतं. शिवाय या काउंटरवर पाहुणा काही मागत नाही. स्वयंपाकी देईल ते खायचं, हीच तिथली रीत. तिथे बसून 'हे पुसा, ते वगळा' म्हणत राहणं माझ्याच्यानं झालं नसतं.

मग शाकाहाराकडे वळले. भारतात मुसलमान प्रवाशाला ही सवय अंगवळणी पडलेली असते. शंका आली की मुकाट्यानं डाळ-भात, पनीर मागवायचं. जपानमध्ये हा तोडगा चालत नाही. बौद्ध मठांतून आलेल्या शोजिन र्‍योरीत मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही.  पण त्यातही साके आणि मिरिन असू शकतं. शिवाय रोजच्या जपानी बोलण्यात मांस नको म्हटलं, तरी बेकनचा तुकडा किंवा डुकराच्या हाडांचा रस्सा त्यात धरला जाईलच असं नाही. डुक्कर नको, कोंबडी नको, रस्सा नको, चरबी नको, जिलेटिन नको, असं सुटं सुटं सांगावं लागतं.

हलाल पद्धतीनं कापलेलं वाग्यू बीफ टोकियोत काही ठिकाणी मिळतं. ते यादीत आलं तेव्हा अब्बांनीच हात हलवला. "जपानपर्यंत जाऊन मटण कशाला? मासे खाऊया." आणि त्यांच्या या वाक्यानं माझं काम निम्म्यानं हलकं झालं. माशाला जबिहा, म्हणजे हलाल पद्धतीनं कापणं, लागत नाही. तो कुणी, कुठे, कसा मारला हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो फक्त सोबतच्या गोष्टींचा.

तोवर मी चुकीच्या बाजूनं शोधत होते असं नाही, पण शोधण्याची रीत इथे बदलली. जपानमध्ये मलेशियाच्या 'जाकिम'सारखी एकच सरकारी यंत्रणा नाही. प्रमाणपत्रं देणाऱ्या खाजगी संस्था अनेक आहेत. 'मुस्लिम-फ्रेंडली' पाटीचा अर्थ दुकानागणिक बदलतो: कुठे सगळं हलाल, कुठे फक्त दोन पदार्थ, कुठे शेजारच्या टेबलावर बिअर. म्हणून मी पाटी बाजूला ठेवली आणि वेगळाच प्रश्न धरला. कुठल्या प्रकारच्या स्वयंपाकघरात आम्हाला न चालणारी गोष्ट मुळात शिरतच नाही?

उत्तर होतं तेम्पुरा. नुसत्या तेम्पुराची वरच्या दर्जाची रेस्टॉरंट्स असतात. तिथे सहसा मांस नसतं. मासे, कोळंबी आणि भाज्या एवढाच माल. पीठ म्हणजे मैदा, अंडं आणि गार पाणी. टोकियोच्या जुन्या पद्धतीत तळायला तिळाचं तेल. डुकराचं मांस तळणाऱ्या टोंकात्सूच्या दुकानांत बऱ्याचदा डुकराची चरबी वापरतात, इथे तिचा संबंध नाही. अडचण एकच, सोबतच्या पातळ सॉसची, कारण त्यात मिरिन असतं. पण दर्दी लोक तेम्पुरा मिठासोबतच खातात आणि चांगल्या ठिकाणी मीठ आणि लिंबू आधीपासून मांडलेलं असतं. म्हणजे आम्ही सवलत मागणारे पाहुणे ठरत नव्हतो. तिथल्याच एका रीतीनं जेवणार होतो.

आणखी एक गंमत. ही तळण्याची रीत पोर्तुगिजांसोबत जपानला गेली असं मानतात. ते १५४३मध्ये जपानला पोचले. त्यांची जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जायची. दाभोळनं पोर्तुगिजांच्या तोफा खाल्ल्या, जपाननं त्यांची भजी खाल्ली, असं अब्बांनी लगेच त्याचं तात्पर्य काढलं.

टोकियोत पोचल्यावर जुम्म्याला योयोगी-उएहाराच्या टोकियो जामी या मशिदीत गेलो. रशियातून आलेल्या तातारांनी १९३८मध्ये इथे जुनी मशीद बांधली होती. तिच्या जागी आताची उस्मानी धाटणीची इमारत २०००मध्ये उभी राहिली. नमाजनंतर बायकांच्या बाजूला एक इंडोनेशियन बाई भेटल्या. त्यांनी कामाची गोष्ट सांगितली: चांगल्या ठिकाणी काउंटरवर बसल्यावर काही सांगायचं नाही, बुकिंग करतानाच सांगायचं. माल सकाळी ठरतो. ऐनवेळी सांगणं म्हणजे स्वयंपाक्याला अडचणीत पकडणं. आणि 'हलाल' एवढंच लिहू नकोस, त्यांना घाबरायला होतं. काय नको ते लिही, आणि त्याच्या खाली काय चालेल तेही लिही.

तसंच लिहिलं. मांस नको, दारू नको, साके-मिरिन नको, तेम्पुराचा सॉस नको. मीठ, लिंबू, साधा भात, हिरवा चहा चालेल. राहत्या हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं ते जपानीत करून फोन लावला. तिकडून उलटे प्रश्न आले: मिसो सूपच्या मिसोत टिकवण्यासाठी अल्कोहोल आहे, नको ना? लोणच्यात मिरिन आहे, काढू? सुरुवातीचा छोटा पदार्थ बदलून देऊ? हे प्रश्न ऐकले आणि जागा पक्की केली. पाहुण्याला न सुचलेलं जो विचारतो, तो पातेल्याकडेही तितकंच लक्ष देत असणार. दुपारची वेळ घेतली. तोच स्वयंपाकी, तीच कढई आणि दर रात्रीपेक्षा बराच कमी.

लाकडी काउंटर, मोजक्या खुर्च्या, समोर कढई. स्वयंपाक्यानं आधी लाकडी पेटीतला माल दाखवला. कोळंब्या अजून पाय हलवत होत्या. पहिल्यांदा कोळंबीच आली. मग तिच्या डोक्याकडचे पाय, वेगळे तळलेले, कुरकुरीत. दर वेळी आमच्यासमोरच्या कोऱ्या कागदावर तो तुकडा ठेवायचा. कागदाला तेल लागलं की कागद बदलायचा, पण बदलायची वेळ फारशी येत नव्हती.

मग एक निमुळता, पांढरा मासा आला. त्याचं नाव किसू. अब्बांनी उलटसुलट पाहिला, मीठ लावून तोंडात टाकला आणि म्हणाले, "ही तर मुडदुशी गो." खरंच, एकाच जातकुळीतले मासे. बोटीवरच्या इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

माकुळ आलं तेव्हा आमच्यातली खरी सीमारेषा दिसली. कोकणी मुसलमान शाफई विचारपंथाचे. समुद्रातलं जवळजवळ सगळं आम्हाला चालतं. नवरा बीडचा, हनफी पंथाचा. त्यांच्यात समुद्रातला मासा तेवढा चालतो. कोळंबीबद्दल उलेमांतच दोन मतं, माकुळ तर नाहीच. कोळंबी तो खातो, माकुळावर थांबला. मी बुकिंगमध्ये तेही लिहिलं होतं. त्याच्यासमोर माकुळाऐवजी कमळकाकडीची चकती आली, चर्चा न होता. हलालची पाटी लावलेल्या ठिकाणीही एवढं बारीक कुणी विचारलं असतं का, सांगता येत नाही.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ साके घेत होते. नवऱ्याला ते खटकलं. मद्य चालू असलेल्या दस्तरख्वानावर बसू नये असं तो मानतो. अब्बांचं म्हणणं, दस्तरख्वान आपल्यासमोरचा, त्याच्यासमोरचा नव्हे. बोटीवर राहिलेल्या माणसानं दुसऱ्याच्या ग्लासावर नजर ठेवली, तर त्याची नोकरी टिकणार नाही. तिढा सुटला नाही. मी मात्र बुकिंगच्या वेळीच कोपऱ्यातल्या खुर्च्या मागून ठेवल्या होत्या.

आता नात्यातलं कुणी परदेशी निघालं आणि 'चांगलं हॉटेल सांग' म्हणून फोन आला, की मी नाव सांगत नाही. उलट विचारते: तुम्ही शाफई की हनफी? शेजारचा पीत असेल तर तुमच्या घशाखाली घास उतरेल का? आणि मांसाशिवाय एक वेळ निघेल? ही उत्तरं प्रत्येक घरात वेगळी असतात, बऱ्याचदा एकाच घरात तीन असतात. ती आधी आपापसात ठरली, की दार शोधणं सोपं जातं. मग इतकंच पाहायचं, की आपल्याला नको ते ज्या स्वयंपाकघरात नसतंच, असं महागातलं महाग स्वयंपाकघर कुठलं. अब्बांनी बिल पाहिलं तेव्हा मात्र त्यांनी यातला एकही निकष लावला नाही. एवढ्या पैशात दाभोळला किती मुडदुश्या आल्या असत्या, त्याचाच हिशेब ते स्टेशनपर्यंत करत होते.