चेटकिणीचा सरंजाम

बालनाट्यांच्या वेषभूषेस लागणारे मुकुट, बटवे, नखे, नाके, पऱ्यांचे पंख आणि राक्षसांच्या गदा असे किरकोळ जिन्नस हाताने तयार करण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला, आणि त्या अनुभवाच्या जोरावर एक मत मी निःशंकपणे नोंदवू शकतो की, राजकन्येपेक्षा चेटकीण सजविणे कितीतरी दुर्घट आहे. राजकन्येचे अलंकार जामदारखान्यातून नुकतेच काढल्यासारखे कोरे व झळझळीत असले तरी कोणाची तक्रार नसते. चेटकिणीची प्रत्येक वस्तू मात्र तिने वर्षानुवर्षे वापरलेली दिसली पाहिजे, आणि तिच्या बटव्याचे तोंड दोरी ओढून ओढून मळलेले, काठीची मूठ तळहाताने गुळगुळीत झालेली, माळेतले एखादे हाड केव्हातरी तुटून सुतळीने पुन्हा बांधलेले असल्यावाचून पहिल्या रांगेतला सहा वर्षांचा प्रेक्षक तिला भीत नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि पुढे वैभव मांगले यांनी रंगविली, पुरुषाचा रुंद पंजा आणि भक्कम खांदे घेऊन उभ्या राहणाऱ्या अशा चेटकिणीस बाजारातली तयार नखे कशी पुरणार?

नाकाचे काम सर्वांत सूक्ष्म. नटाच्या चेहऱ्याच्या मापाने शाडूचा साचा घडवून, त्यावर तेलाचा हात फिरवून, कागदाचे कपटे खळीत भिजवून एकावर एक चिकटवीत जावे लागते, व त्यात एक थर वर्तमानपत्राचा आणि दुसरा बदामी कागदाचा घेतला म्हणजे कोठे जागा सुटली तर ती रंगभेदाने तत्काळ नजरेस येते. वाळवणे सावलीतच, उन्हात कडा उचलून नाक वाकडे होते. चेटकिणीस वाकडे नाक शोभते हे खरे, परंतु तो वाकडेपणा कारागिराच्या मर्जीचा असावा, उन्हाच्या नव्हे. पुस्तकबांधणीवाले किडीच्या बंदोबस्तासाठी खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असल्यामुळे तोंडाशी येणाऱ्या वस्तूत मी तो कदापि घालीत नाही, आणि त्यापायी झुरळे व उंदीर माझ्या पेटाऱ्यावर जो कर बसवितात तो मुकाट्याने भरतो. नाकपुड्या मोकळ्या ठेवणे हे तर या कामाचे आद्य कलम होय, कारण त्या दाबल्या गेल्या की अनुनासिकांचा नाश होतो आणि ‘माणूस’ म्हणावयास गेलेल्या चेटकिणीच्या मुखातून ‘बाडूस’ बाहेर पडतो. मग भयरसाचा हास्यरस होण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही.

मुकुटाच्या सोन्याविषयी लोकांचा एक समज दृढ आहे की, पत्रा जितका गुळगुळीत तितके तेज अधिक. वस्तुतः गुळगुळीत पृष्ठभाग दिव्याचा प्रकाश एकाच दिशेस परतवितो, त्यामुळे त्या रेषेत बसलेल्या चार माणसांचे डोळे दिपतात आणि उरलेल्या प्रेक्षागारास मुकुट काळवंडलेला दिसतो. म्हणून बेगडाचा ताव मी प्रथम मुठीत हलकेच चुरगाळतो व पुन्हा पसरून मगच पुठ्ठ्यावर चढवितो, म्हणजे त्याच्या असंख्य घड्यांतून प्रकाश चहूकडे विखुरतो; आणि टिकली घट्ट न शिवता वरच्या एकाच टाक्यावर लोंबती ठेवतो, जेणेकरून नटाने मान वळविताच ती हलावी व लुकलुकावी. रंगांचा न्यायही दिव्यांच्याच हाती असतो. दिवसा शोभिवंत वाटणारे निळे पीस पिवळ्या झोतात मलूल होते आणि लाल खडा लाल दिव्याखाली आपली लाली हरवून बसतो. फ्रँक बॉमच्या 1900 सालच्या ओझच्या कथेत डोरोथीच्या पायांत रुपेरी जोडे आहेत; 1939 च्या चित्रपटात, रंगीत चित्रफितीवर उठून दिसावेत म्हणून, ते माणकासारखे लाल झाले. ग्रंथनिष्ठेचा कैवार घेणारे यावर फिर्याद करोत बापडे. माझा निकाल त्या कारागिरांच्या बाजूने आहे, कारण पडद्यावर वा रंगमंचावर जे दिसत नाही ते अस्तित्वातच नसते.

मुलांसाठी करावयाच्या वस्तूंत सौंदर्याच्याही आधी वजनाची तजवीज करावी लागते. मुकुट डोक्यावर जड होऊ लागला की बालनट एका हाताने तो सावरू लागतो, आणि राज्यकारभार उरलेल्या एका हाताने चालतो. यासाठी पुठ्ठ्याचा पट्टा मागे तोडून तेथे रबरी फीत शिवावी, आतून मऊ कापडाचे अस्तर द्यावे, तारेचे टोक दुमडून त्यावर कापडी पट्टी चिकटवावी. एवढे केले की मूल मुकुट विसरते, आणि राजा होते.

शाळांच्या स्नेहसंमेलनांत पाहतो तो हे सर्व जिन्नस प्रयोगाच्या सकाळी, भाड्याने आणलेल्या खोक्यांतून प्रथमच उघडले जातात, आणि मुले त्यांच्याशी अपरिचितासारखी वागतात. नाटकांची जबाबदारी ज्यांच्याकडे असते त्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, काठ्या, बटवे व मुकुट तालमीच्या पहिल्याच आठवड्यात मुलांच्या हवाली करावेत. ते मळतील, एखाद्याचे टोक मोडेल. दुरुस्तीसाठी डिंकाची बाटली व बेगडाचे दोन ताव कपाटात ठेवले की काम भागते.