दर्या आणि दऱ्या

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. त्या आकड्यावर कोणते अक्षर बसवायचे यावर दोन यंत्रांचे एकमत नसले की घोटाळा ठरलेला. १९८४ साली क्लास प्रकल्पातून आपल्या देशातल्या काही शाळांत इंग्लंडचे बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यांत ९६ हा आकडा पौंडाच्या चिन्हाचा; नेहमीच्या प्रिंटरच्या लेखी ९६ म्हणजे एक तिरकी टिकली. पडद्यावर पौंड, कागदावर टिकली!

टिकलीच्या जागी पेनाने पौंड काढता येतो. पण अख्खी वहीच अशी झाली तर?

आमच्या सिंदी मेघेत एक निवृत्त उर्दू गुरुजी होते. उर्दू आणि मराठीत सामाईक असलेल्या शब्दांची त्यांनी यादी केली होती. मराठी बाजू कृतिदेव फाँटमध्ये, उर्दू इनपेजमध्ये. ते गेल्यावर त्यांची लेक फाइली घेऊन आली. "सर, अब्बांचं लिहिलेलं वाचताच येत नाही."

उघडले तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. कृतिदेवमध्ये 'भारत' टाइप केले की फाइलीत एच, के, के, जे, आर एवढेच साठते. पहिला 'के' म्हणजे भची उभी दांडी, दुसरा काना. फाँट असेल तर भारत, नसेल तर नुसते एचकेकेजेआर. युनिकोडमध्ये मात्र भला स्वतःचा आकडा आहे, म्हणून सगळे त्यात बदलून घेतले.

मग एका नोंदीवर थांबलो. उर्दूत दरिया म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्र, हे सांगून गुरुजींनी पुढे बजावले होते की याची 'दऱ्या'शी गफलत करू नये. बदललेल्या फाइलीत ते वाक्य असे उतरले: 'दर्याची दर्याशी गफलत करू नये.' मराठीतला हा आडवा र युनिकोडमध्ये नुसत्या साध्या रने होत नाही, त्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरतात. असे शब्द एकेक शोधून हाताने दुरुस्त केले. 'तऱ्हा' त्यातलाच. हा अरबीतून आलेला शब्द आपण किती सहज वापरतो!

उर्दू बाजू डोळ्यांना ठीक दिसत होती, पण 'किताब' शोधले तर सापडेना. अरबी काफ आणि उर्दू काफ शब्दाच्या सुरुवातीला दिसतात सारखे, आकडे मात्र वेगळे. 'ये'चेही तसेच.

काफ झाला आहे. ये चालू आहे. झालेली पाने लेकीला कागदावर छापून दिली, फाइल नंतर देईन.