पावसाळ्यांतील हरमल

गोमंतकाच्या अगदीं उत्तरेस, पेडणें महालांत, हरमल नांवाचें समुद्रकांठचें एक गांव आहे. त्याचें नांव काढलें कीं पुष्कळ घरांतील वडील मंडळींच्या भुंवया वर चढतात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस घरदार सोडून हिंडणारे गोरे तरुण कळंगुट व हणजूण येथें येऊन राहूं लागले. तेथें गर्दी वाढली तेव्हां त्यांच्या पंथांतील कित्येक उत्तरेकडे सरकत हरमलास आले. सूर्यास्तास वाळूवर ढोल वाजवावे, योगासनें करावीं आणि उद्यांची चिंता करूं नये, हा त्यांचा हिंवाळ्यांतील क्रम. आम्हीं मात्र हें गांव पाहिलें तें ऐन आषाढांत.

पेडणें स्टेशनावरून मोटारीनें निघालों तों पावसाच्या सरींनीं पुढील रस्ता दिसेना. दोहों बाजूंच्या खाचरांत गुडघाभर चिखलांत वांकून बायका भाताची लावणी करीत होत्या. किनाऱ्यावर सामसूम होती. तेथील उपाहाराच्या झोपड्या, ज्यांस 'शॅक' म्हणतात, त्या मोसमापुरत्याच असतात. पावसापूर्वीं त्या मोडाव्या लागतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीसहि बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. म्हणून होड्या माडांखालीं ओढून झांकून ठेविलेल्या, आणि ओसऱ्यांवर पुरुष मंडळी जाळीं दुरुस्त करीत बसलेली. उत्तरेच्या टेकडीला वळसा घालून गेलें म्हणजे गोड्या पाण्याचें एक तळें लागतें. हांकेच्या अंतरावर खवळलेला खारा समुद्र, आणि इकडे झऱ्याच्या त्या निवांत पाण्यावर पावसाचे थेंब! तेथून पाय निघेना.

ज्यांच्या घरीं उतरलों होतों त्या आजी आमच्या सौभाग्यवतीस म्हणाल्या, "बाय, आठ महिने गांव पाहुण्यांचा, चार महिने आमचा."

या बोलण्यांत तक्रार नव्हती, हिशेब होता. पेडणें महाल १७८८ सालीं सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला; १९६१ च्या डिसेंबरांत पोर्तुगीजहि गेले. राज्यें बदललीं, तरी तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवरील सोयरीक तुटली नाहीं, कीं आषाढांतील लावणी चुकली नाहीं. बेफिकीर पाहुण्यांनींहि गांवास चार पैसे दिले, हें नाकारतां येत नाहीं.

परंतु आतां याच महालांत मोपा येथें विमानतळ झाला असून २०२३ च्या जानेवारीपासून विमानें उतरूं लागलीं आहेत. आजींचा नातू खोल्या भाड्यानें देतो. खोलीच्या चार दिवसांच्या भाड्यापुढें खंडीभर भाताची काय मातबरी, असें तो विचारतो, आणि आंकड्यांत त्याचें चुकत नाहीं. आजी त्यावर वाद घालीत नाहींत. पहांटे उठून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, खाचराचा बांध पाहून येतात. खोली मोसम संपल्यावर रिकामी होते व पुन्हां भरते. खाचरावर एकदां घर उभें राहिलें कीं तेथें पुन्हां भात लावतां येत नाहीं. आपल्या कोंकणांतील ज्या घरांनीं समुद्रकांठचीं आगरें विकावयास काढिलीं आहेत, त्यांनीं एकदां पावसांत हरमलास जावें.