काचेच्या मागची बाजू

आमच्या कामरगावापासून मुंबईचा समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर आहे. २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मूर्तिजापूरहून अमरावती-मुंबई एक्सप्रेसने मी बहिणीकडे निघाले, तेव्हा मनात एक बोच होती. शाळेतल्या काचेच्या टाकीतले सगळे मासे दोन दिवसांत मेले होते. टाकी धुणारी आठवीची मुलगी रडत विचारत होती, “टीचर, माझ्यामुळे मेले का?” आणि मी बोलून गेले होते, “नीट धुतली नसशील.”

माझा भाचा मुंबईत मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या गटात आहे. तो म्हणाला, “खाला, आम्हाला तारापोरवाला मत्स्यालय मागच्या बाजूने बघायला मिळणार आहे. चला ना!”

मरीन ड्राइव्हवरचे हे मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. २०१५ च्या नूतनीकरणात तिथे १२ फुटी पारदर्शक बोगदाही झाला. पुढून पाहिले की सगळे निळे, शांत, रंगीबेरंगी. मागे मात्र पंपांची घरघर, ओली फरशी, पाइपांचे जाळे, बादल्या. नवे मासे आधी वेगळ्या टाकीत ठेवायचे, आजार नाही याची खात्री झाली की मगच इतरांत सोडायचे, हे तिथे कळले.

एका फिल्टरमधला तपकिरी स्पंज पाहून मी म्हणाले, “किती मळलाय! धुवत नाही का?”

कर्मचारी हसले. “मॅडम, यातच तर टाकीचा जीव आहे.”

त्यांनी समजावले. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया साठतो, तो विषारी असतो. स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हे जिवाणू मरतात, माशांच्या कल्ल्यांनाही इजा होते.

मी गप्प झाले. स्पंज नळाखाली चोळून धुवायला आणि सगळे पाणी बदलायला मीच सांगितले होते. त्या मुलीने माझे शब्दशः ऐकले होते.

सुट्टी संपल्यावर पूर्ण वर्गासमोर मी सांगितले, “चूक हिची नव्हती, माझी होती.” ती काही बोलली नाही, पण मधल्या सुट्टीत रिकाम्या टाकीपाशी येऊन उभी राहिली.

आता टाकी तिच्याच देखरेखीखाली आहे. नळाचे पाणी ती एक दिवस उघड्या बादलीत ठेवते, एका वेळी चौथा हिस्साच बदलते आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळते. ते पाणी मग शाळेतल्या झाडांना जाते. नव्या टाकीत सुरुवातीला दोनच मासे सोडले होते, जिवाणू वाढेपर्यंत काही आठवडे वाट पाहिली.

तुमच्या घरी मुलांनी मासे आणायचा हट्ट धरला, तर आधी एवढे त्यांच्यासोबत बसून समजून घ्या. मुक्या जिवांची जबाबदारी आहे ती. आणि चुकून मासे मेलेच, तर मुलांना रागावण्याआधी आपण त्यांना काय सांगितले होते, ते एकदा आठवून पाहा.